अंग आंबतं तेव्हा स्नायूत नेमकं काय घडतं?

जिना धावत चढलं की तिसऱ्या मजल्यापर्यंत मांड्या भरून येतात, पोटऱ्यांत जळजळ सुरू होते, आणि सोबतचं कुणीतरी हमखास सांगतं, "लॅक्टिक ॲसिड साचलं." हल्ली मनगटावरची काही घड्याळंही 'लॅक्टेट थ्रेशोल्ड' दाखवू लागली आहेत (लॅक्टेट हे लॅक्टिक ॲसिडचंच शरीरातलं रूप). त्यामुळे एरवी प्रयोगशाळेत राहणारा हा शब्द पहाटे पळायला जाणाऱ्यांच्या तोंडी बसला आहे. मराठीत तर 'अंग आंबून गेलं' हा वाक्प्रचार कधीपासूनचा आहे. गंमत म्हणजे त्यातलं 'आंबणं' रसायनशास्त्राला अगदी धरून आहे. चुकतं ते पुढचं: आंबलं म्हणून दुखलं.

सर्वसाधारण समजूत अशी असते: जोरात व्यायाम केला की स्नायूतला ऑक्सिजन संपतो, मग लॅक्टिक ॲसिड तयार होतं, ते स्नायू थकवतं आणि दुसऱ्या दिवशी दुखवतं. या साखळीतली जवळजवळ प्रत्येक कडी कच्ची आहे.

## स्नायूला एकच चलन चालतं

स्नायूची पेशी साखर किंवा चरबी थेट वापरून आकुंचन पावत नाही. तिला लागतं एटीपी. तीन फॉस्फेट जोडलेला हा छोटा रेणू आहे. त्यातला एक फॉस्फेट सुटला की ऊर्जा मोकळी होते, आणि त्या ऊर्जेवर स्नायूतले धागे एकमेकांवरून सरकतात.

एटीपी फक्त ओढायला लागतं असं नाही. ओढून झाल्यावर पकड सोडायलाही ते लागतं. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठर होतं ते याचमुळे: एटीपी उरत नाही आणि धागे एकमेकांना धरून बसतात. हे ध्यानात ठेवा, कारण "शक्ती संपली" असं वाटतं तेव्हा एटीपी खरोखर संपलेलं नसतं. संपलं असतं तर पाय गळून न पडता लाकडासारखा ताठला असता.

पेशी एटीपीचा साठा मात्र फार थोडा ठेवते. एक किलो स्नायूत जेमतेम अडीच-तीन ग्रॅम. पूर्ण जोर लावला तर तेवढा दोनेक सेकंदांत उडून जाईल. म्हणजे खर्च होईल त्याच वेगाने ते पुन्हा बनवत राहावं लागतं, आणि पळायला सुरुवात केल्यावर हा वेग विश्रांतीच्या शंभर पटींपर्यंत चढू शकतो.

## तांब्या, हंडा आणि आड

हातातला तांब्या म्हणजे एटीपी. तो रिकामा होताच शेजारच्या हंड्यातून भरून घ्यायचा. हा हंडा म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट. याचा साठा एटीपीच्या तीन-चार पट असतो. आपला फॉस्फेट तो एका पायरीत देऊन टाकतो आणि वापरलेल्या रेणूचं पुन्हा एटीपी होतं. ना ऑक्सिजन लागतो, ना साखर. जड वजन एकदाच उचलणं, उंच उडी, धावण्याची पहिली काही पावलं, हे सगळं मुख्यतः हंड्यावर चालतं. पूर्ण जोरात तो आठ-दहा सेकंदांत तळाला जातो.

आड म्हणजे ऑक्सिजनचा मार्ग. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या कणिकांमध्ये साखर आणि चरबी पूर्णपणे जाळली जाते. एका ग्लुकोजमागे तीसेक एटीपी मिळतात, आणि इंधन दिवसभर पुरेल इतकं असतं. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही म्हण इथे उलटी लागू पडते. आडात भरपूर आहे, पण पोहरा वर यायला वेळ लागतो. हृदयाचे ठोके वाढणं, स्नायूतल्या रक्तवाहिन्या रुंदावणं, मायटोकॉन्ड्रियांनी गती पकडणं, या सगळ्याला दोन-तीन मिनिटं जातात. शिवाय पोहऱ्यालाही कमाल वेग असतो.

हंडा आटला आणि पोहरा अजून अर्ध्यात आहे, अशा वेळी स्नायू तिसरा मार्ग धरतो. या लेखाचा विषय तोच.

## साखर अर्धवट तोडायची

स्नायूत ग्लुकोजच्या साखळ्या रचून ठेवलेल्या असतात. त्यांना ग्लायकोजेन म्हणतात. एक किलो स्नायूत हे साधारण पंधरा ग्रॅम असतं. आकुंचनाचा हुकूम देणारं कॅल्शियमच ग्लायकोजेन तोडणाऱ्या विकरालाही जागं करतं. कामाला लावणाऱ्यानेच शिधाही उघडून द्यावा, तशी ही सोय आहे. त्यामुळे हा मार्ग हंडा आटेपर्यंत थांबून राहत नाही. पहिल्या एक-दोन सेकंदांतच तो सुरू झालेला असतो. "आधी हे दहा सेकंद, मग ते दोन मिनिटं" असे तक्ते पुस्तकांत असतात, पण शरीरात तिन्ही मार्ग एकदमच चालू असतात. बदलतं ते प्रत्येकाचं प्रमाण.

ग्लुकोजमध्ये सहा कार्बन असतात. दहा पायऱ्यांत त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात. या तुकड्याचं नाव पायरुवेट. सुरुवातीला दोन एटीपी घालावे लागतात आणि पुढे चार मिळतात, म्हणजे निव्वळ नफा दोनाचा. साखर रक्तातून न घेता ग्लायकोजेनमधून घेतली तर सुरुवातीचा एक एटीपी वाचतो आणि नफा तीनाचा होतो.

कुठे तीस आणि कुठे तीन! तरी स्नायू हा मार्ग घेतो तो वेगासाठी. ऑक्सिजनच्या मार्गाने मिनिटाला जास्तीत जास्त जेवढं एटीपी मिळेल त्याच्या साधारण दुप्पट इथून मिळतं. वाघ मागे लागलेला असताना इंधनाची काटकसर कोण करत बसेल?

## रिकामी घमेली परत यायला हवीत

लॅक्टेट इथे येतं. बांधकामावर घमेल्यांची रांग लागलेली असते. भरलेलं घमेलं पुढे जातं आणि रिकामं मागे येतं. रिकामी घमेली यायची थांबली, तर समोर वाळूचा ढीग असूनही काम ठप्प होतं.

त्या दहा पायऱ्यांपैकी सहाव्या पायरीला असंच घमेलं लागतं. त्याचं नाव एनएडी. साखरेतून निघालेला हायड्रोजन ते उचलून नेतं. पेशीत एनएडी अगदी थोडं असतं. निवांत काम चालू असताना ही घमेली मायटोकॉन्ड्रियांपाशी रिकामी होतात, आणि तिथे तो हायड्रोजन शेवटी ऑक्सिजनला जाऊन मिळतो. साखर तोडण्याचा वेग एकदम वाढला की तिथली रिकामी करण्याची गती अपुरी पडते. मग पेशी जवळचाच मार्ग शोधते: घमेल्यातला हायड्रोजन पायरुवेटवरच ओतते. हायड्रोजन घेतलेलं पायरुवेट म्हणजे लॅक्टेट.

थोडक्यात, लॅक्टेट तयार होतं म्हणून एनएडी मोकळं होतं, आणि एनएडी मोकळं होतं म्हणून एटीपी मिळत राहतं. लॅक्टेट बनणं थांबवलं तर दौड काही सेकंदांतच मंदावेल. ज्याच्यामुळे आपण धावतो त्यालाच थकव्याचा बोल लावायचा, हा अन्यायच म्हणायचा.

यीस्ट हेच काम वेगळ्या प्रकारे करतं आणि शेवटी मद्यार्क बनवतं. दुधाला आंबट करणारे जिवाणू आपल्यासारखंच लॅक्टेट बनवतात. अंग 'आंबतं' ते शब्दशः याच अर्थाने.

## पण मग ऑक्सिजन संपलेला असतो ना?

बहुतेक वेळा नसतो. 'विनाऑक्सिजन' या नावाने हा घोळ घातला आहे. ही प्रक्रिया ऑक्सिजन न वापरता होते, एवढाच त्याचा अर्थ. आसपास ऑक्सिजन नाही, असं त्यातून निघत नाही. आत्ता बसून हे वाचतानाही तुमच्या एक लिटर रक्तात साधारण एक मिलिमोल लॅक्टेट आहे. तांबड्या रक्तपेशी अंगभर ऑक्सिजन वाहून नेतात, पण त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया नसल्यामुळे स्वतःचं पोट त्या चोवीस तास लॅक्टेट बनवूनच भरतात.

काही प्रसंगी ऑक्सिजन खरोखर तुटतो. स्नायू जोरात आवळून तसाच धरून ठेवला, म्हणजे प्लँक किंवा भिंतीला टेकून बैठक, तर आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्ताचा ओघ घटतो. धावण्यात मात्र स्नायू आवळतो, सोडतो, आणि दर सुटकेला रक्त आत शिरतं. तिथे मुख्य प्रश्न मागणीच्या वेगाचा असतो.

आकडे पाहिले की हे पटतं. शंभर मीटरच्या दहा सेकंदांत जवळपास सगळी ऊर्जा क्रिएटिन फॉस्फेट आणि अर्धवट तोडलेल्या साखरेतून येते. चारशे मीटरला, जी विनाऑक्सिजन शर्यत म्हणून शिकवली जाते, चाळीस टक्क्यांच्या आसपास ऊर्जा ऑक्सिजनच्या मार्गाची असते. आठशे मीटरला तोच वाटा निम्म्याच्या बराच वर जातो.

## जळजळ कशाची मग?

स्नायूत 'लॅक्टिक ॲसिड' या रूपात जवळजवळ काहीच नसतं. शरीराच्या आम्लतेला त्याचे नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त रेणू लॅक्टेट म्हणूनच असतात. आम्लपणा असतो तो सुट्या हायड्रोजन आयनांचा. एटीपी झपाट्याने मोडतं आणि साखर झपाट्याने तुटते तेव्हा ते साचतात. पायरुवेटचं लॅक्टेट होण्याच्या पायरीत उलट एक हायड्रोजन आयन शोषला जातो. लॅक्टेट पेशीबाहेर पडतानाही एक सोबत घेऊन जातं. दोघं एकाच वेळी वाढतात, म्हणून एकाचं खापर दुसऱ्यावर फुटलं.

पूर्ण जोरातल्या धावण्यानंतर स्नायूचा पीएच सातवरून साडेसहापर्यंत उतरू शकतो. जळजळीत याचा हात आहे, पण एकट्याचा नाही. हायड्रोजन आयन, लॅक्टेट आणि पेशीबाहेर झिरपलेलं एटीपी ही तिन्ही एकत्र टोचून पाहिली, तेव्हा माणसांना थकवा आणि जळजळ जाणवली. एकेकटी टोचली तेव्हा तसं झालं नाही. म्हणजे लॅक्टेट अगदीच निर्दोष नाही. धोक्याची घंटा वाजवणाऱ्यांत तेही उभं असतं.

जोर कमी होण्याचं कारण पुन्हा निराळं. क्रिएटिन फॉस्फेट मोडलं की सुटे फॉस्फेट साचतात. ते धाग्यांची पकड सैल करतात आणि आकुंचनासाठी लागणारं कॅल्शियमही अडवून ठेवतात. आम्लता स्नायूला कमजोर करते, असं जुन्या प्रयोगांत ठळक दिसलं होतं. पण ते प्रयोग थंड तापमानात केलेले होते. शरीराच्या तापमानाला तोच परिणाम बराच सौम्य निघाला.

## लॅक्टेटला दोषी कुणी ठरवलं?

शिकारीत थकून मेलेल्या हरणाच्या स्नायूत हे आम्ल मोठ्या प्रमाणात असतं, हे स्वीडनच्या बर्झेलियसने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवलं. १९०७ साली फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या कापून काढलेल्या स्नायूवर काम केलं. स्नायू थकला की लॅक्टेट वाढायचं आणि ऑक्सिजनमध्ये ठेवला की नाहीसं व्हायचं. पुढे हिल आणि मायरहॉफ यांना याच विषयावरच्या कामासाठी १९२२ चं नोबेल मिळालं आणि 'ऑक्सिजन नाही, म्हणून लॅक्टिक ॲसिड, म्हणून थकवा' हे समीकरण पाठ्यपुस्तकात पक्कं झालं.

माझ्या मते खोट त्या कापलेल्या स्नायूतच होती. त्याला रक्तप्रवाह नाही, म्हणजे लॅक्टेटला बाहेर जायची वाटच नाही. दार बंद करून खोलीत गर्दी झाली म्हणायचं, त्यातला प्रकार. १९२७ साली क्रिएटिन फॉस्फेट सापडलं. ते शोधणाऱ्यांत भारतीय जैवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. १९२९ साली एटीपी सापडलं. १९३० साली लुंड्सगार्ड यांनी साखर तोडण्याचा मार्ग विषाने बंद केलेला स्नायूही काही काळ आकुंचन पावतो हे दाखवलं, तेही थेंबभर लॅक्टेट न बनवता. आकुंचनासाठी लॅक्टेट लागतं ही त्या काळची समजूत तिथेच कोसळली. थकव्याचा आरोप मात्र चिकटून राहिला.

त्या आरोपाला सर्वांत चोख उत्तर एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात आहे. मॅकार्डल आजारात स्नायू स्वतःचं ग्लायकोजेन तोडूच शकत नाही. अशा माणसाचं लॅक्टेट व्यायामाने वाढत नाही. प्रचलित समजूत खरी असती तर तो थकायलाच नको. प्रत्यक्षात तो इतरांपेक्षा फार लवकर थकतो आणि जोर केला की स्नायूत वेदनादायक गोळे येतात.

## दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जे दुखतं, ते?

त्याचा लॅक्टेटशी संबंध नाही. व्यायाम थांबल्यावर रक्तातलं लॅक्टेट साधारण दर पंधरा-वीस मिनिटांनी निम्मं होतं आणि तासाभरात मूळ पातळीजवळ येतं. दुखणं मात्र एक ते तीन दिवसांनी कळसाला पोचतं. ते स्नायूच्या धाग्यांना झालेल्या सूक्ष्म इजेचं आणि त्यानंतरच्या दाहाचं असतं. ताणाखाली स्नायू लांबताना ही इजा जास्त होते: उतारावर पळणं, वजन हळूहळू खाली आणणं. उतारावर धाप कमी लागते आणि लॅक्टेटही कमी बनतं, तरी दुसऱ्या दिवशी मांड्या तिथेच जास्त बोलतात. मालिश करून 'लॅक्टिक ॲसिड बाहेर काढणारे' जे काढतात ते केव्हाच गेलेलं असतं. मालिशने बरं वाटतं ते वेगळ्या कारणाने.

लॅक्टेट जातं कुठे? बरंचसं शेजारचे सावकाश आकुंचन पावणारे स्नायूतंतू आणि हृदय सरळ इंधन म्हणून जाळून टाकतात. हृदयाला तर ते चांगलंच मानवतं. उरलेल्यातलं काही यकृत घेतं आणि त्याची पुन्हा साखर बनवतं. या फेऱ्याला कोरी दांपत्याचं नाव आहे. हिशेब पाहिला तर हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटेल, कारण स्नायूने मिळवले दोन एटीपी आणि यकृताने खर्चले सहा. पण यकृताला घाई नसते, ते ऑक्सिजनवर सावकाश काम करतं. घाईच्या ठिकाणचा बोजा निवांत ठिकाणी हलवला, हाच यातला फायदा.

## थांबल्यावरही धाप का लागते?

हंडा पुन्हा भरायचा असतो, हृदय अजून जोरात धडधडत असतं, अंग तापलेलं असतं, लॅक्टेटची विल्हेवाट लावायची असते. या सगळ्याला ऑक्सिजन लागतो. त्यातच रक्तातलं बायकार्बोनेट हायड्रोजन आयनांना आवर घालतं, तेव्हा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो बाहेर टाकायलाही श्वास वाढवावा लागतो.

## सरावात याचं काय करायचं?

क्रिएटिन फॉस्फेट निम्मं भरायला अर्धं मिनिट लागतं आणि जवळपास पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. ताकद वाढवण्यासाठी जड वजन उचलत असाल तर दोन फेऱ्यांमध्ये तेवढं थांबणं आळस नाही. एक मिनिटात पुढची फेरी घेतली की हंडा पुरता भरलेला नसतो, आणि ताकदीचा म्हणून घेतलेला व्यायाम नकळत दमाचा होतो.

जोरात पळून झाल्यावर लगेच बसू नका. दहा-पंधरा मिनिटं हळू चाललं किंवा अगदी संथ पळलं तर लॅक्टेट लवकर उतरतं, कारण चालते स्नायू ते जाळतात. दुसऱ्या दिवशीचं दुखणं त्याने टळेल, ही अपेक्षा ठेवू नका.

क्रिएटिनची भुकटी हंडाच थोडा मोठा करते. दिवसाला तीन ते पाच ग्रॅम घेतल्यास तीन-चार आठवड्यांत स्नायू भरतात. छोट्या, जोरकस, पुन्हा पुन्हा करायच्या कामात फायदा दिसतो, लांब पल्ल्याच्या संथ धावण्यात फारसा नाही. ती घेताना रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (क्रिएटिनपासून बनणारा, मूत्रपिंडाचं काम जोखायला मोजला जाणारा पदार्थ) थोडं वाढलेलं दिसू शकतं आणि मूत्रपिंडाबद्दल विनाकारण घबराट होते. डॉक्टरांना आधी सांगून ठेवावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्यांना विचारल्याशिवाय घेऊच नये. काही खेळाडू शर्यतीआधी खायचा सोडाही (म्हणजे तेच बायकार्बोनेट) घेतात, वजनाच्या दर किलोला ०.२ ते ०.३ ग्रॅम. एक ते काही मिनिटांच्या तीव्र प्रयत्नात त्याने थोडी मदत होते, पण पोट बिघडण्याची शक्यता मोठी. पहिला प्रयोग शर्यतीच्या दिवशी करणाऱ्याची शर्यत भलत्याच दिशेला जाते.

आणि घड्याळातला तो थ्रेशोल्ड? ज्या वेगाच्या पुढे लॅक्टेट बनण्याचं प्रमाण वापरण्याच्या पुढे जातं आणि रक्तात ते चढतच राहतं, तो वेग. प्रयोगशाळेत बोटातून किंवा कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेऊन तो काढतात. लिटरमागे चार मिलिमोल ही ढोबळ खूण पूर्वीपासून वापरली जाते, पण माणसागणिक ती बरीच इकडेतिकडे होते. मनगटावरचं घड्याळ रक्तातलं लॅक्टेट मोजत नाही. ठोके आणि वेग यांवरून अंदाज बांधतं. सरावाने हा थ्रेशोल्ड पुढे सरकतो, कारण मायटोकॉन्ड्रिया आणि केशवाहिन्या वाढतात, पोहरा भराभर वर येतो आणि लॅक्टेट जागच्या जागी जळतं.

## ऑक्सिजनशिवाय एवढं जमतं, तर माणूस काही मिनिटांत का दगावतो?

कारण ही युक्ती साठ्यावर चालते, आणि साठा स्नायूपाशी आहे. मेंदूपाशी ग्लायकोजेन नगण्य असतं, क्रिएटिन फॉस्फेट काही सेकंदांपुरतं, आणि त्याचा खर्च झोपेतही फारसा उतरत नाही. तीस एटीपीच्या जागी दोनावर त्याचं भागत नाही.

काही प्राण्यांनी यावर तोड काढली आहे. गोल्डफिश आणि तिचा भाऊबंद क्रूशियन कार्प हे मासे ऑक्सिजन संपलेल्या थंड पाण्यात तग धरतात. कार्प तर बर्फाखाली कित्येक महिने काढतो. त्यांचे स्नायू लॅक्टेटचं मद्यार्कात रूपांतर करतात आणि ते कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतात. पेंटेड टर्टल या जातीच्या कासवाला तेही जमत नाही. ते हिवाळाभर तळाशी निपचित पडून राहतं, आणि साचलेलं लॅक्टेट आपल्या कवचात कोंबत राहतं.